गोअन क्रेझी

गोअन क्रेझी : गोव्यातील गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस (जन्म ८ मे १९५३) यांचा १९८४ मध्ये ध्वनिफितीच्या रूपाने प्रसिद्ध झालेला इंग्रजी गीतसंच. बार्देश तालुक्यातील शिवोली या गावी, राहत्या घरी, एकट्या कलावंताने तो ध्वनिमुद्रित केला. गीतरचना, स्वररचना, गायन, वादन, ध्वनिमुद्रण, वेष्टनाची सजावट व विक्री ही सर्व कामे फर्नांडिस यांनी स्वतः केली. रॉक संगीत आणि गोमंतकीय लोकसंगीत यांना जोडणारा गीतसंच म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. तथापि निरनिराळ्या शैलींचे मिश्रण गोव्याला नवीन नव्हते. ते मिश्रण कसे व किती करावे, हा निर्णय ध्वनिमुद्रण कंपनीच्या हाती न राहता गावात राहणाऱ्या कलावंताच्या हाती आला, यात या संचाचे खरे वैशिष्ट्य आहे.

संकल्पना : एका कलावंताची अनेक गीते एकत्र करून एकाच ध्वनिमुद्रिकेवर वा ध्वनिफितीवर सादर केली म्हणजे गीतसंच किंवा ‘आल्बम’ होतो. दर मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गीत मावत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत ३३ १/३ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी बाजारात आली आणि तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. त्यामुळे सुट्या गीताऐवजी गीतांचा क्रम, त्यांतील परस्परसंबंध व त्यांतून उमटणारा कलावंताचा दृष्टिकोन यांना महत्त्व आले. एका शैलीत नाव मिळविलेल्या गायकाने दुसऱ्या शैलीत प्रवेश करावयाचा, तर त्यासाठी लागणारा अवकाशही अशा संचानेच पुरविला.

अमेरिकेतील ‘कंट्री’ म्हणजे ग्रामीण संगीताच्या इतिहासात अशी शाखांतरे वारंवार घडली आहेत. एल्व्हिस प्रेस्ली यांच्या १९५४ मधील पहिल्या तबकडीच्या एका बाजूस कृष्णवर्णीयांच्या ब्लूज परंपरेतील गीत होते, तर दुसऱ्या बाजूस गोऱ्या ग्रामीणांच्या ब्लूग्रास परंपरेतील. १९६५ मध्ये न्यूपोर्ट येथील लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन यांनी विद्युत् गिटार हाती घेतली, तेव्हा लोकसंगीताच्या चाहत्यांत मोठा वाद माजला. १९६८ मध्ये ‘द बर्ड्स’ या रॉक वाद्यवृंदाने उलट दिशेने जाऊन ग्रामीण संगीताचा संच काढला. ग्रामीण गायक विली नेल्सन यांनी १९७५ मध्ये टेक्सस राज्यात अगदी मोजक्या वाद्यांच्या साथीवर ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा संच ध्वनिमुद्रित केला. तो ऐकून कंपनीतील अधिकाऱ्यांस हा केवळ कच्चा नमुना असावा असे वाटले. परंतु अंतिम निर्णयाचा हक्क करारानेच नेल्सन यांच्याकडे असल्यामुळे संच आहे त्या रूपात निघाला व लोकप्रिय झाला. संगीताच्या शैलींमधील सीमारेषा श्रोत्यांइतक्याच किंबहुना त्यांहून अधिक विक्रेत्यांनी आखलेल्या असतात, हे या उदाहरणावरून दिसते. गोव्यातील या गीतसंचाचा विचारही याच दृष्टीने करावा लागतो.

गोमंतकीय संगीताची पार्श्वभूमी : १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर जिंकले. त्यानंतर तिसवाडी, बार्देश व साष्टी या तालुक्यांत चर्चशी संलग्न अशा शाळा निघाल्या. त्यांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास, समूहाने गावयास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. मूळ हेतू चर्चमधील उपासनेसाठी गायक-वादक तयार करण्याचा होता; परंतु त्यामुळे खेड्यापाड्यांतून पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारा असा एक वर्ग निर्माण झाला, की ज्याला भारतात अन्यत्र तोड नव्हती.

या शिक्षणाचा व स्थानिक गानपरंपरेचा संयोग होऊन एकोणिसाव्या शतकात ‘मांडो’ हा प्रकार घडला. मांडो हे मंद लयीतील कोंकणी प्रेमगीत व नृत्यगीत असून ते सामान्यतः दोन आवाजांत गायिले जाते. दुसरा आवाज मुख्य सुरावटीला तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने समांतर साथ देतो. व्हायोलिन व घुमट ही साथीची वाद्ये होत. मांडो संपताच जलद लयीतील ‘दुलपद’ सुरू होते. त्यात गावातील लहानमोठ्या घटना, थट्टा व टोमणे येतात. ‘देखणी’ या तिसऱ्या प्रकारात ख्रिस्ती समाजाने हिंदू कलावंतिणीचे नृत्य आपल्या परीने रंगविलेले असते. ‘बॉबी’ (१९७३) या हिंदी चित्रपटातील एका गीतासाठी देखणीची चाल वापरण्यात आल्याने ती भारतभर परिचित झाली.

घुमट हे या सर्वांना जोडणारे वाद्य होय. मातीच्या मडक्याच्या या वाद्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले असते व लहान तोंड उघडे असते. उघड्या तोंडावर तळहात कमीअधिक दाबून नादात चढउतार करतात. मांडोला साथ करणारे हेच घुमट गणेशोत्सवातील आरत्यांत शामेळ व कांसाळे यांच्या जोडीने वाजते. पूर्वी त्यासाठी घोरपडीचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यावर निर्बंध आले व पुढे बकऱ्याचे कातडे रूढ झाले. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली.

गोव्यातील वादकांचे दुसरे कार्यक्षेत्र मुंबई हे होते. कोंकणी ‘तियात्र’ या संगीतनाट्याचा पहिला प्रयोग १८९२ मध्ये मुंबईतच झाला. पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोमंतकीयांनी मोठी कामगिरी केली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट यांसारख्या वादक-संयोजकांनी भारतीय चालींना पाश्चात्त्य स्वरसंवादाची जोड दिली. क्रिस पेरी (१९२८–२००२) व लोर्ना यांनी कोंकणी गीतांत जाझची धाटणी आणली आणि त्यांच्या तबकड्या घराघरांत पोहोचल्या. म्हणजे लोकसंगीत आणि परदेशी संगीत यांची सरमिसळ गोव्यात अनेक पिढ्या चालत आली होती. मात्र ध्वनिमुद्रण करावयाचे तर मुंबई गाठावी लागे आणि तेथील कंपन्यांची पसंती मिळवावी लागे. गावातील कलावंत हा या व्यवस्थेत केवळ कच्चा माल पुरविणारा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

रेमो फर्नांडिस यांची जडणघडण : शापोरा नदीच्या काठी वसलेली शिवोली ही संमिश्र परंपरांची भूमी आहे. २४ जून रोजी सांजांवच्या सणाला येथे सजविलेल्या होड्यांची मिरवणूक निघते आणि घुमटाच्या तालावर गाणी म्हटली जातात. नाताळानंतर होणाऱ्या जागरात हिंदू व ख्रिस्ती हे दोन्ही समाज भाग घेतात. १९६१ च्या डिसेंबरात गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला, त्या वेळी फर्नांडिस आठ वर्षांचे होते. घरात पोर्तुगीज गीते, अंगणात कोंकणी गाणी व तबकड्यांवरून येणारे रॉक अँड रोल अशा तिहेरी संस्कारांत त्यांचे बालपण गेले. शाळेत असतानाच त्यांनी मित्रांसह गिटारवादकांचा एक चमू काढला होता.

मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असताना त्यांचा संगीताचा छंद सुरूच राहिला. गिटारबरोबर बासरीही त्यांनी आत्मसात केली. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकले आणि तेथील वादकांसमवेत भारतीय व पाश्चात्त्य संगीताचे संमिश्र प्रयोग त्यांनी केले. याच सुमारास शिवोलीच्या शेजारच्या हणजूण व कळंगुट या किनाऱ्यांवर परदेशी हिप्पींची वर्दळ होती. त्यांच्या वाद्यांमुळे आणि ध्वनिफितींमुळे इंग्लंड-अमेरिकेतील रॉक संगीत गोव्याच्या खेड्यांत थेट येऊन पोहोचले होते. युरोपातून परतल्यावर फर्नांडिस यांनी मुंबईत राहून व्यवसाय करण्याऐवजी शिवोलीतच राहण्याचे ठरविले. गोमंतकीय वादकांच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी धरलेल्या वाटेच्या उलट अशी ही दिशा होती.

स्वतःची इंग्रजी गीते घेऊन ते मुंबईतील कंपन्यांकडे गेले. परंतु भारतीय गायकाने रचलेल्या मूळ इंग्रजी गीतांना बाजार नाही, अशी व्यापारी समजूत त्या काळी दृढ होती. परदेशी गीतांच्या नकला किंवा हिंदी डिस्को यांना मागणी होती. या दोहोंत न बसणाऱ्या संगीताला जागा नव्हती. ही अडचण एका लहानशा यंत्राने दूर केली.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र : फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ध्वनिफीत अथवा कॅसेट ही मूलतः श्रुतलेखन व घरगुती उपयोगासाठी होती. तिच्यातील फितीची रुंदी सुमारे ३·८ मिमी. असते. या रुंदीत चार समांतर पट्टे किंवा ‘ट्रॅक’ असतात. एका बाजूचे वादन करताना त्यांतील दोन पट्टे डाव्या व उजव्या ध्वनीसाठी वापरले जातात आणि फीत उलटल्यावर उरलेले दोन. १९७९ मध्ये टीॲक या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र विक्रीस आणले. त्यात फीत न उलटता चारही पट्टे एकाच दिशेने वापरण्याची सोय होती. तसेच फितीचा वेग दर सेकंदास ४·७६ सेंमी. ऐवजी सुमारे दुप्पट, म्हणजे ९·५ सेंमी. ठेवल्याने ध्वनीची स्पष्टता वाढली. त्यामुळे साठ मिनिटांच्या फितीवर केवळ पंधरा मिनिटांचे मुद्रण होई. परंतु एक गीत घडविण्यास तेवढा अवधी पुष्कळ होता.

अशा यंत्रावर एकट्या कलावंताला संपूर्ण वाद्यवृंद उभा करता येतो. पहिल्या पट्ट्यावर तो तालवाद्य वाजवितो. ते कानांवरील श्रवणयंत्रातून ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर गिटार, तिसऱ्यावर बास गिटार असे थर चढवितो. तीन पट्टे भरले की त्यांचे एकत्रीकरण करून ते चौथ्या पट्ट्यावर उतरविले जाते. पहिले तीन पट्टे मग पुन्हा मोकळे होतात व त्यांवर गायन, बासरी, दुसरा आवाज इ. भरता येतात. या पद्धतीला एक मर्यादा आहे. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते आणि एकदा मिसळलेले नाद पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून कोणते वाद्य किती उठून दिसावे हे कलावंताला अगोदरच मनाशी ठरवावे लागते. चूक झाल्यास आरंभापासून पुन्हा सुरुवात करणे भाग असते. साधनांच्या या तुटवड्यामुळे अशा मुद्रणांना एक प्रकारचा मोकळेपणा व घरगुतीपणा येतो.

याच प्रकारच्या यंत्रावर अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी जानेवारी १९८२ मध्ये आपल्या राहत्या घरी काही गीते मुद्रित केली. वाद्यवृंदासाठी कच्चा नमुना एवढाच त्यांचा हेतू होता. पण वृंदासह केलेल्या मुद्रणात मूळ भाव उतरेना, म्हणून घरच्या फितीवरूनच ‘नेब्रास्का’ हा संच त्याच वर्षी काढण्यात आला. विद्युत् वाद्यांचा गदारोळ बाजूला ठेवून मुख्यतः गिटार व हार्मोनिका यांवर गायिलेली ही गीते ग्रामीण व लोकसंगीताच्या वळणाची होती. दोन वर्षांनंतर शिवोलीत घडलेला प्रयोग तंत्राच्या दृष्टीने याच जातीचा होता. फरक एवढाच, की स्प्रिंगस्टीन यांच्यामागे मोठी कंपनी उभी होती. फर्नांडिस यांच्यामागे कोणीच नव्हते.

स्वरूप : ‘गोअन क्रेझी’मधील गीतांचा साचा रॉक व पॉप यांचा आहे : गिटारची सलग साथ, चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आघात, कडवे व ध्रुवपद यांची आलटापालट. विषय मात्र गोव्याचे आहेत आणि वृत्ती दुलपदाच्या वळणाची, म्हणजे थट्टेची व उपरोधाची आहे. हे नाते महत्त्वाचे आहे. लोकसंगीताची केवळ चाल किंवा वाद्य उचलले म्हणजे रॉक संगीत लोकाभिमुख होते असे नाही. गावाने गावाविषयी गावासमोर बोलावे ही लोकगीतांची जी भूमिका असते, ती स्वीकारली तर साचा परका असूनही गीत आपले वाटते.

गोमंतकीय चालींना गिटारची साथ सहज पचते, यामागे संगीतशास्त्रीय कारण आहे. महाराष्ट्रातील बहुतेक लोकगीते एकाच सुरावटीवर उभी असतात. तुणतुण्याचा अखंड षड्ज व ढोलकी किंवा डफ यांचा ताल एवढा आधार त्यांना पुरतो. अशा गीताला एकाच वेळी तीन-चार स्वर वाजविणाऱ्या गिटारची जोड दिली, तर ते स्वर चालीला एका ठराविक दिशेने ओढतात आणि तिचा मूळ भाव पालटण्याचा संभव असतो. मांडो व दुलपद यांच्या बाबतीत हा धोका कमी असतो. त्यांच्या दोन आवाजी गायनातच पाश्चात्त्य स्वरसंवाद गृहीत धरलेला असतो; गिटार तो केवळ उघड करून दाखविते. अडचण येते ती तालाची. मांडोची रेंगाळणारी सहा मात्रांची लय व रॉकचा चार मात्रांचा ठाम ठेका यांचे जुळत नाही. एकतर चालीची गती बदलावी लागते, नाहीतर ठेका सैल करावा लागतो. प्रत्येक संयोजनात यांपैकी कशावर तरी पाणी सोडावे लागते, हे उघड आहे.

‘गोअन क्रेझी’नंतर लगेच, १९८५ मध्ये, फर्नांडिस यांनी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ हा दुसरा संच काढला. त्यात जुन्या गोमंतकीय गीतांची नव्या संयोजनात मांडणी केली आहे. पहिल्या संचात रॉकच्या बाजूने गोव्याकडे पाहिले होते. दुसऱ्यात परंपरेच्या बाजूने रॉककडे पाहिले. हे दोन्ही संच एकत्र ऐकल्यावरच त्यांतील शाखाविस्ताराची पूर्ण कल्पना येते.

भाषा : गीतांसाठी इंग्रजीची निवड हा या संचाचा सर्वांत वादग्राह्य भाग होय. १९६७ च्या जनमत कौलाने गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण होणार नाही हे ठरले. परंतु कोंकणी व मराठी यांच्या स्थानाविषयीचा वाद शिल्लक राहिला. १९८४ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तो शिगेस पोहोचून फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा संमत झाला व ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. अशा काळात इंग्रजीत गाणे म्हणजे तियात्राच्या सामान्य प्रेक्षकापासून काहीसे दूर जाणे होते. उलट त्यामुळेच भारतातील शहरी महाविद्यालयीन श्रोत्यांपर्यंत गोव्याचे विषय पोहोचले, हेही नाकारता येत नाही. गोव्यातील सुशिक्षित ख्रिस्ती तरुणांची बोलण्याची भाषा त्या काळी बहुतांशी इंग्रजी होत चालली होती. त्या दृष्टीने ही निवड कृत्रिम नव्हती. मात्र ती संपूर्ण गोव्याची प्रातिनिधिक नव्हती, असेच म्हणावे लागते.

प्रसार : फितीच्या प्रती तयार झाल्यावर फर्नांडिस स्वतः स्कूटरवरून गोव्यातील दुकानादुकानांत त्या पोहोचवीत. तबकडी दाबण्यास कारखाना लागतो. ध्वनिफितीची प्रत मात्र दोन साध्या यंत्रांच्या साहाय्याने करता येते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी भारतात ध्वनिफितींचा प्रसार झपाट्याने झाला व तबकड्यांच्या व्यवसायातील एकाधिकार मोडला. याचा लाभ केवळ नव्या शहरी संगीताला झाला नाही. महाराष्ट्रात भीमगीते, कोळीगीते, भजने व पोवाडे गाणाऱ्या अनेक गायकांचा आवाज ध्वनिफितींनीच जत्रांतून, चहाच्या टपऱ्यांतून व वाहनांतून दूरवर नेला. शिवोलीतील प्रयोग हा या व्यापक परिवर्तनाचाच एक भाग होता. अनधिकृत प्रती काढणेही तितकेच सोपे झाल्यामुळे कलावंताच्या मिळकतीला गळती लागली, ही त्याची दुसरी बाजू होय.

उत्तरकालीन वाटचाल : या दोन संचांमुळे फर्नांडिस यांचे नाव गोव्याबाहेर गेले. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) या गोव्यातील कथानकाच्या चित्रपटात त्यांचा सहभाग होता. ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) या संचात अमली पदार्थांच्या व्यसनाविरुद्धचा विषय आला. गोव्याच्या किनाऱ्यांवर हे व्यसन तेव्हा फोफावत होते. त्यापाठोपाठ ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) हा संच निघाला. ‘जलवा’ (१९८७) या चित्रपटातील शीर्षकगीत आणि ‘बॉम्बे’ (१९९५) मधील ए. आर्. रहमान यांच्या संगीतदिग्दर्शनाखालील गीत यांमुळे ते हिंदी श्रोत्यांनाही परिचित झाले. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन : ‘गोअन क्रेझी’चे मोल ठरविताना दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार करणे इष्ट होय. स्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहता, खेड्यातील कलावंताला शहराकडे न जाता आपले संगीत आपल्या अटींवर श्रोत्यांपर्यंत नेता येते, हे या संचाने दाखवून दिले. कंपनीने ठरविलेल्या शैलींच्या कप्प्यांत त्याला बसावे लागले नाही. म्हणूनच रॉक व लोकसंगीत यांच्यामधील सीमारेषा त्याला सहज ओलांडता आली.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतही आहे. लोकसंगीत हे मुळात समूहाचे असते. मांडोतील दुसरा आवाज शेजाऱ्याचा, आप्ताचा किंवा समोर उभ्या असलेल्या नर्तिकेचा असतो. सांजांवचे गाणे होडीतले सर्वजण म्हणतात. विदर्भाच्या झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्यातील मोहाडी व आंधळगावच्या परिसरात, दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तेथे दंडार किंवा खडी गंमत रंगते, ती शाहिराइतकीच ढोलकीवाला, नाच्या, झीलकरी व समोर बसलेले गाव यांच्यामुळे. प्रेक्षकाने भर घातली की कडवे लांबते, त्याने दाद दिली नाही की आवरते घ्यावे लागते. चार पट्ट्यांच्या यंत्रावर हे सर्व आवाज एकाच माणसाच्या कंठातून उमटतात. दुसरा आवाज असतो, पण दुसरा माणूस नसतो. ज्या साधनाने कलावंताला कंपनीपासून मुक्त केले, त्याच साधनाने त्याला साथीदारांपासूनही मुक्त केले, आणि ही दुसरी मुक्ती लोकसंगीताच्या दृष्टीने लाभाची म्हणता येत नाही.

पुढील काळात संगणकावरील ध्वनिमुद्रणामुळे पट्ट्यांची मर्यादा जवळजवळ नाहीशी झाली आणि घरी बसून संच काढणे सर्वसामान्य झाले. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही हार्मोनियम व तबल्याबरोबर विद्युत् वाद्ये आली. गावातील गायकाने कोणत्या शैलीत गावे हे त्याला आता कोणी सांगत नाही. तेव्हा शैलींचे मिश्रण व्हावे की न व्हावे हा प्रश्न फारसा उरलेला नाही. गाणे घडत असताना समोर कोणी बसलेले असावे की नाही, हा प्रश्न मात्र उरला आहे. ‘गोअन क्रेझी’ व ‘ओल्ड गोअन गोल्ड’ या दोन संचांनंतर फर्नांडिस यांनी वाद्यवृंद बरोबर घेऊन गोव्यात व गोव्याबाहेर जाहीर मैफली केल्या. फितीवर एकट्याने रचलेली गीते तेथे श्रोते त्यांच्याबरोबर गाऊ लागले. घरगुती मुद्रणात जे सुटले होते, त्याची काहीशी भरपाई अशा रीतीने झाली. लोकसंगीताशी या गीतांचे नाते फितीवर जोडले गेले असले, तरी ते पक्के झाले ते समूहाच्या कंठात.